नवरा ट्रेनमधून प्रत्येक पिच बघतो आणि मुलाच्या पोटात दुखतं

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो. मुलगा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये मेजर्स गटात खेळतो, येत्या १२ ऑगस्टला अकरा पूर्ण होतील. माझा नवरा पक्का क्रिकेटवाला, बेसबॉल त्याने इथे येऊन पहिल्यांदा पाहिला, पण आता सगळे नियम पाठ. तो कामाला न्यूयॉर्कला जातो, पावणेसहाच्या गेमला पोचणं त्याला शक्यच नसतं, म्हणून परतीच्या ट्रेनमध्ये गेमचेंजर अ‍ॅपवर एकेक पिच (पिचरने टाकलेला बॉल) बघत येतो. मग जेवताना सुरू, दुसऱ्या वेळी तिसरा स्ट्राइक नुसता बघत का उभा राहिलास, तो बॉल का सोडलास. त्याने एक्सेल शीट केलंय. आत्तापर्यंत ४२ अ‍ॅट-बॅट, ९ हिट (मारून बेसवर पोचला), ११ वॉक (चार वाईट बॉल सोडले की फुकट मिळतो तो बेस), २ वेळा बॉल अंगाला लागला, १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट), अ‍ॅव्हरेज (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) .२१४. हे आकडे मलाही पाठ झालेत बघा. वर सांगलीला सासरे, शनिवारी सकाळी दहाची गेम त्यांना संध्याकाळी साडेसातला लाइव्ह दिसते, संपली की लगेच व्हिडिओ कॉल, "काय रे, आज किती रन?"

कोच त्याला पिचिंग नसेल तेव्हा राईट फील्डला ठेवतो, नवरा म्हणतो तिथे लिंबूटिंबू ठेवतात. ऑल-स्टारच्या, म्हणजे लीगच्या निवडक मुलांच्या, यादीत नाव आलं नाही तेव्हा दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. आता ऑगस्टमध्ये ट्रॅव्हल टीमचे, म्हणजे फी भरून बाहेरच्या टुर्नामेंट खेळणाऱ्या टीमचे, ट्रायआऊट आहेत, नवऱ्याला पाठवायचंय, तो म्हणतो कॉलेजला स्कॉलरशिप मिळेल. पण हल्ली गेमच्या दिवशी सकाळपासून मुलाच्या पोटात दुखतं. बॅटिंगला उभा असला की प्रत्येक बॉलनंतर ब्लीचर्सकडे, म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांकडे, बघतो, बाबा आलाय का ते. एरवी मात्र एकटा असला की गॅरेजच्या दारावर टेनिस बॉल मारत बसतो, तेव्हा खूष असतो. आणि हो, मागच्या शनिवारी लीगच्या गेममध्ये ६० पिच टाकले, रविवारी नवऱ्याच्या मित्राच्या ट्रॅव्हल टीमला पिचर कमी होता म्हणून तिकडे आणखी दोन इनिंग. तेव्हापासून कोपर आतल्या बाजूने दुखतं म्हणतो. नवरा म्हणतो सवय नाही म्हणून, बर्फ लाव. मी नवऱ्याला काय सांगू?
एक आई, न्यू जर्सी

उत्तर: अगं, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी जाता जाता लिहिलीयस, ती कोपराची. नवरा, सासरे, अ‍ॅव्हरेज, ट्रॅव्हल टीम या सगळ्याला वेळ आहे, कोपराला नाही.

आजपासून त्याचं थ्रोइंग बंद. पिचिंग तर बंदच, पण आउटफील्डमधून लांब फेकणं, गॅरेजच्या दारावर बॉल मारणं, सगळं बंद. आणि पेडिएट्रिशियनला फोन करून स्वच्छ सांग की मुलगा दहा वर्षांचा आहे, पिचिंग करतो, एका वीकेंडला दोन टीमकडून टाकलंय आणि फेकताना कोपर आतल्या बाजूने दुखतंय. एवढं सांगितलं की ते काय ते ओळखतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतील, मुलांच्या ऑर्थोपेडिककडे पाठवतील. निदान डॉक्टरच करणार, ते माझं काम नाही, पण मी घाई का करतेय ते सांगते. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाड अजून वाढत असतं, ती वाढीची जागा, ग्रोथ प्लेट, आजूबाजूच्या लिगामेंटपेक्षा नाजूक असते आणि प्रत्येक जोरदार थ्रोला स्नायूंची ओढ बरोबर तिथेच बसते. इथे हे दुखणं मुलांमध्ये इतकं कॉमन आहे की डॉक्टरसुद्धा त्याला लिटल लीग एल्बो म्हणतात. वेळेवर थांबलं तर बहुतेक मुलं काही आठवडे फेकणं बंद ठेवून, मग हळूहळू सुरू करून छान परत खेळतात. पण बर्फ लावायचा आणि पुढच्या गेमला उभं करायचं असं चाललं तर दुखणं वाढत जातं, आणि मुलं सांगायची पण बंद होतात, कारण दुखतंय म्हटलं की आपल्याला बसवतील हे त्यांना पक्कं कळतं. तुझ्या लेकाने तोंडाने सांगितलंय, ही फार चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल त्याला शाबासकी दे. खरंच दे, मनापासून, सांग की तू सांगितलंस ते बरोबर केलंस.

आता नवऱ्याच्या आवडीचं, म्हणजे आकड्यांचं. लिटल लीगमध्ये २००७ पासून पिच मोजायची पद्धत आहे, त्याआधी इनिंग मोजायचे. लीगच्या हिशेबाने ११ ते १२ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ८५ पिच. पण लोक हा ८५ लक्षात ठेवतात आणि खरं महत्त्वाचं विसरतात, ते म्हणजे विश्रांतीचे दिवस. २० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकता येतं, २१ ते ३५ झाले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ च्या वर गेलं की चार दिवस. तुझ्या मुलाने शनिवारी ६० टाकले, म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार हाताला सुट्टी हवी होती आणि रविवारी त्याने आणखी दोन इनिंग टाकल्या. यात कोचची लबाडी नाही, मित्राचीही नाही, लीग आपल्या गेममधले पिच मोजते, ट्रॅव्हलवाले आपले मोजतात, मोजत असतील तर. दोन्हींची बेरीज करणारं माणूस कुठल्याच मैदानावर नसतं. ती बेरीज घरच्यांनीच करायची असते, दुसरं कोणी करणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तुझ्या नवऱ्याला मोजायचं असेल तर त्याने हे मोजावं. एक्सेल फेकून द्यायला सांगू नकोस, त्यातले कॉलम बदलायला सांग. तारीख, कुठली टीम, किती पिच, पुढे कधी टाकायला मोकळा, कोपर किंवा खांदा दुखला का. एमएलबी (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे मोठ्यांची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४ साली पिच स्मार्ट नावाच्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात ९ ते १२ वयासाठी लिहिलंय की बारा महिन्यांत सगळ्या टीम मिळून ८० इनिंगच्या वर टाकू नये, वर्षात निदान चार महिने फेकणं बंद ठेवावं आणि त्यातले दोनतीन महिने तरी सलग असावेत. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटवाल्यांनी ९ ते १४ वयाचे ४८१ पिचर दहा वर्षं फॉलो केले होते, २०११ मध्ये ते छापून आलं, त्यात वर्षाला १०० इनिंगपेक्षा जास्त टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत व्हायची शक्यता साडेतीन पट निघाली. गंभीर म्हणजे सर्जरी करावी लागली किंवा फेकणं कायमचं सुटलं, अशी. हा पेपर नवऱ्याला वाचायला दे, आकड्यांच्या माणसाला आकडे पटकन पटतात. आणि अजून एक, तुमच्या कोचने त्याला कधी कॅचर केलं तर हे माहीत असू दे की ४१ किंवा जास्त पिच टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅचिंग करू शकत नाही, कारण कॅचरसुद्धा प्रत्येक बॉल परत फेकत असतो आणि हाताला ते कळतं.

तर आता .२१४ कडे येऊ. मी आमच्या लीगमध्ये बरीच वर्षं बॅकस्टॉपमागे, म्हणजे कॅचरच्या पाठच्या जाळीमागे, बसून स्कोअरबुक लिहिलं आहे, आधी कागदावर आणि मग फोनवर, त्यामुळे हे आकडे कसे तयार होतात ते मला आतून माहितीये. अ‍ॅपवर ते छापल्यासारखे दिसतात म्हणून पक्के वाटतात, पण मागे कोण असतं, तर कुणाची तरी आई नाहीतर बाबा, एका हातात फोन, धाकटं पोर पायाशी. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरकडे, जोरात ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) गेला, त्याच्या ग्लोव्हला लागून सुटला, आता हे हिट की एरर, म्हणजे फील्डरची चूक? नियमात त्याचं उत्तर आहे, सर्वसाधारण प्रयत्नात आउट व्हायला हवा होता का ते बघायचं, पण अकरा वर्षांच्या मुलाचा सर्वसाधारण प्रयत्न म्हणजे किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. तुझ्या मुलाच्या ४२ पैकी असे दोन बॉल दुसऱ्या कोणी हिट लिहिले असते तर ९ चे ११ झाले असते आणि .२१४ ची .२६२ झाली असती. चार लिहिले असते तर .३१०, आणि मग घरात पेढे वाटले असते. मुलगा तोच, स्विंग तोच. ४२ अ‍ॅट-बॅट हे फार म्हणजे फारच कमी आहेत, त्यावरून कोणाबद्दलच काही सांगता येत नाही, मेजर लीगची टीम वर्षाला १६२ गेम खेळते म्हणून तिथल्या अ‍ॅव्हरेजला वजन असतं.

शिवाय वॉक हा अ‍ॅट-बॅटमध्ये धरतच नाहीत, हे क्रिकेटमधून आलेल्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. तुझ्याच आकड्यांवरून हिशेब केला, ९ हिट, ११ वॉक, २ वेळा बॉल लागला, म्हणजे २२ वेळा तो बेसवर पोचला, आणि एकूण बॅटिंगला आला ५५ वेळा. बावीस भागिले पंचावन्न, .४००. याला ऑन-बेस म्हणतात, अ‍ॅपवर तोच तक्ता जरा बाजूला सरकवला की दिसतो. दहातल्या चार वेळा तुमचा मुलगा बेसवर असतो! वाईट बॉल ओळखून सोडणं त्याला येतंय आणि या वयात ते भल्याभल्यांना येत नाही, समोर जे येईल त्यावर बॅट फिरवतात. हां, पण हा .४०० सुद्धा मुलापुढे नाचवायचा नाही हं. तो नवऱ्यासाठी आहे, त्याच्या जिवाला शांतता म्हणून. नाहीतर उद्यापासून जेवताना ऑन-बेस का पडला म्हणून चर्चा सुरू होईल.

क्रिकेटमध्ये आउट झालं की दिवस संपला, पॅड सोडायचे आणि बघत बसायचं, म्हणून आउट या शब्दाचाच आपल्याला धसका असतो. बेसबॉलमध्ये आउट होणं हे रोजचं आहे. मेजर लीगच्या टेड विल्यम्सने १९४१ साली .४०६ अ‍ॅव्हरेजने बॅटिंग केली, त्यानंतर तिथल्या अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये आख्ख्या सीझनभर .४०० कोणालाच जमलेलं नाही, आणि त्या वर्षीसुद्धा तो दहातल्या सहा वेळा हिटशिवायच परत गेला होता. हे नवऱ्याला माहीत असणार, पण माहीत असणं वेगळं आणि ट्रेनमध्ये स्क्रीनवर स्ट्राइकआउट उमटल्यावर पोटात जे कालवतं ते वेगळं.

आणि तो बघत का उभा राहिला ते सांगते. मेजर्समध्ये पिचर ४६ फुटांवर असतो. एखादा दांडगा बारा वर्षांचा पोरगा ताशी ६० मैलांनी टाकत असेल तर तो बॉल जेमतेम अर्ध्या सेकंदात प्लेटवर येतो, मोठ्यांच्या ६० फूट ६ इंचांच्या अंतरावर हिशेब केला तर हे ७९ मैलांच्या आसपास जातं. एवढ्या वेळात दहा वर्षांच्या मुलाने ठरवायचं की मारू की सोडू, त्यात डोक्यात बसलेलं असतं की सोडला तर रात्री विचारतील आणि मारून चुकला तरी विचारतील. मग तो काहीच करत नाही. मला तर यात मुलाच्या बॅटिंगपेक्षा जेवणाचं टेबलच जास्त दिसतंय.

वयाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतेय कारण तो पालकांच्या लक्षातच येत नाही. लिटल लीगमध्ये २०१८ पासून वय ३१ ऑगस्टला किती हे बघतात. तुझा मुलगा १२ ऑगस्टचा, म्हणजे लीगच्या कागदावर तो आत्ताच ११ आहे, प्रत्यक्षात आख्खा सीझन तो दहाच वर्षांचा होता. त्याच्याच वयाच्या खान्यात जो सप्टेंबरमध्ये जन्मलेला मुलगा आहे तो त्याच्याहून जवळपास एक वर्षाने मोठा, आणि मेजर्समध्ये त्याच्या वरची बारावाली मुलं आहेतच, त्यातल्या काहींना मिसरूड फुटलेलं असतं. या वयात एक वर्ष म्हणजे किती उंची, किती ताकद, तूच बघ. २००५ पर्यंत हीच तारीख ३१ जुलै होती, तेव्हा ऑगस्टमधली मुलं आपल्या गटात सगळ्यात मोठी असायची. म्हणजे ऑल-स्टारच्या यादीत नाव नाही यात त्याच्या खेळाचा वाटा किती आणि जन्मतारखेचा किती हे कोण सांगणार? आणि गंमत बघ, बऱ्याच ट्रॅव्हल टुर्नामेंटमध्ये वयाची तारीख १ मेच्या आसपास धरतात, तिथे हाच मुलगा आपल्या गटात मोठ्यांमध्ये मोडेल.

राईट फील्डबद्दल मला जरा रागच आला. लहान वयात तिकडे बॉल कमी जातात हे खरं, आणि नवी मुलं तिथे ठेवतात हेही खरं. पण लिंबूटिंबू म्हणजे ज्याचं आउट धरत नाहीत, राज्य येत नाही असा गडी, आणि राईट फील्डरचं तसं अजिबात नाही. इनफील्डमध्ये ग्राउंडर गेला की फर्स्ट बेसला थ्रो होतो, या वयात त्यातले कितीतरी थ्रो डोक्यावरून जातात, आणि ते अडवायला फर्स्टच्या मागे पळत आलेला असतो तो राईट फील्डर. तो आला नाही तर रनर सेकंडला, कधी थर्डला. तो आला तर काहीच होत नाही, म्हणून अ‍ॅपवर काहीच येत नाही. पुढच्या गेमला तू स्वतः फक्त एवढंच बघ, बाकीच्या मुलांवर बॉल असताना तुमच्या टीमचा राईट फील्डर, म्हणजे आत्ता जो कोणी तुझ्या मुलाच्या जागी उभा असेल तो, हलतो का जागचा? नुसतं उभं राहून गवत उपटणारी मुलं किती आणि पळणारी किती ते मोज मनातल्या मनात. मग आठव तुझा मुलगा काय करायचा.

प्रगती ही अशी बघायची असते. एप्रिलमध्ये पॉप-अप वर उडाला की तो दोन पावलं मागे जायचा की पुढे, आणि आता? दोन स्ट्राइक झाले की बॅट थोडी वर धरून कसाबसा फाऊल काढतो का? साधा ग्राउंडर मारला, आउट होणार हे दिसतंय, तरी फर्स्टपर्यंत जीव तोडून पळतो का? "माझा" म्हणून ओरडतो का? स्ट्राइकआउट झाल्यावर डगआउटमध्ये हेल्मेट आपटतो, की पाणी पिऊन ग्लोव्ह घेऊन बाहेर पळतो, आणि याला आधी आख्खी इनिंग लागायची ती आता कमी लागते का? हे कुठल्याच फोनवर येत नाही, तिथे बसूनच दिसतं. नवऱ्याला आठवड्यातल्या गेमना येता येत नाही ही त्याची अडचण मला कळते, पण शनिवारी त्याने फोन घरी ठेवून यावं. आणि बसायचं कुठे, तर बॅकस्टॉपमागे नाही, लेफ्ट फील्डच्या लाइनवर लांब खुर्ची टाकून, जिथून मुलाला त्याचा चेहरा दिसणार नाही. प्रत्येक बॉलनंतर मुलगा ब्लीचर्सकडे बघतो असं लिहिलंयस ना, तर बघायला तिथे कोणी असूच नये काही दिवस. आणि कुंपणातून "एल्बो अप" ओरडणारे बाबा प्रत्येक मैदानावर असतात, त्यांच्यात आपला एक नको, कोच एक सांगतो आणि कुंपण दुसरंच, पोराने ऐकायचं कुणाचं.

नवऱ्याशी बोलताना मात्र सांभाळून बोल. दिवसभर राबून, पेन स्टेशनवरून गर्दीत उभ्याने येताना जो माणूस फोनमध्ये एका दहा वर्षांच्या मुलाचा एकेक बॉल बघतो, त्याचं पोरावर किती प्रेम आहे हे तुला मी सांगायला नको. आपल्या पिढीला आईवडील मैदानावर आलेच नाहीत, प्रगतिपुस्तकावर सही करायला फक्त यायचे, त्यामुळे आकडा बघणं म्हणजेच लक्ष देणं हे आपल्या अंगात मुरलंय. त्याला "तू मुलाला त्रास देतोस" असं म्हणालीस तर तो दुखावेल आणि ऐकणार नाही. मुलगा झोपल्यावर, गेम नसलेल्या दिवशी बोल, आणि तीनच गोष्टी माग. गेमच्या दिवशी जेवताना बेसबॉलचा विषय मुलाने काढला तरच निघेल. अ‍ॅपचे नोटिफिकेशन बंद, गेम बघायची असेल तर बघ पण त्यातलं काही मुलाला विचारायचं नाही. आणि एक्सेलमध्ये फक्त पिच. महिनाभर कर म्हणावं. लीगला पिच मोजायला माणूस नेहमीच कमी पडतो, शनिवारी तो हे काम स्वतःहून घेऊ शकतो, मग हातात क्लिकर असतो आणि दोन्हीकडच्या पिचरवर लक्ष ठेवावं लागतं, ओरडायला सवडच मिळत नाही.

गाडीतून घरी येताना तूही काही विचारू नकोस बरं का. "कसं वाटलं?" सुद्धा नको, त्याला त्यातही चौकशीचा वास येतो. भूक लागली का विचार. तो आपणहून सांगायला लागला तर ऐक, आणि सांगितलं नाही तर गाणी लाव.

पोटदुखीचं मी हलक्यात घेत नाहीये. शाळेच्या साध्या दिवशीही दुखत असेल किंवा गेम नसताना दुखत असेल तर कोपराबरोबर पोटाचंही डॉक्टरांना दाखव. पण फक्त गेमच्याच सकाळी असेल आणि एकटा असताना तो खुशीत बॉल मारत असेल, तर त्याला खेळ नकोसा झालेला नाही असं मला वाटतं. त्याला खेळानंतरची ती तपासणी नकोशी झालीय. वरच्या तीन गोष्टी महिनाभर पाळल्या की कळेल.

सासऱ्यांकडून गेम काढून घेऊ नकोस. सांगलीत बसून नातवाला पळताना बघायला मिळतंय, त्या म्हाताऱ्या माणसाच्या शनिवारला त्यामुळे काही अर्थ आहे. फक्त त्यांचा प्रश्न बदलायला हवा. त्यांना आधी नवऱ्याने सांगावं की इथे "किती रन" विचारण्यात फारसा अर्थ नाही, उत्तम खेळलेल्या मुलाच्या नावावरही शून्य असू शकतं. त्याऐवजी त्यांनी नातवाला खेळ शिकवायला सांगावं. इनफील्ड फ्लाय म्हणजे काय रे बाबा, कॅच सुटला तरी आउट कसा देतात? दोनपेक्षा कमी आउट असताना, फर्स्ट आणि सेकंडवर रनर असताना, अंपायर आधीच आउट का देऊन टाकतो आणि त्यात फील्डरची कुठली लबाडी रोखलेली असते, हे आयुष्यभर क्रिकेट बघितलेल्या आजोबांना समजावून सांगायला मुलाला अर्धा तास सहज लागेल आणि मराठीतून सांगावं लागेल हे आणखी चांगलं. हात बरा होईपर्यंत तो खेळणार नाहीये, तेव्हा या शनिवारपासूनच सुरू करा, दोघं मिळून दुसऱ्या मुलांची गेम बघू देत.

स्कॉलरशिपचं स्वप्न नवऱ्याने सध्या बाजूला ठेवावं, मी हे कळकळीने सांगतेय. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एका आख्ख्या बेसबॉल टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या बऱ्याच मुलांमध्ये तुकडे करून वाटायचे, पूर्ण फी माफ झालेला मुलगा क्वचित सापडायचा. आता नियम बदललेत, काही कॉलेजं ३४ जणांपर्यंत देऊ शकतात, पण पैसे सगळीकडे तेवढे नसतात. आणि कोण पुढे जाईल हे अकराव्या वर्षी काय, सतराव्या वर्षीही लोकांना ओळखता येत नाही. मेजर लीगचा मोठा स्टार, आपल्याच जर्सीतल्या मिलविलचा माइक ट्राउट, २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याच्या आधी २४ मुलांची नावं पुकारली गेली, आणि निवडणारे सगळे पोटापाण्यासाठी हेच काम करणारे लोक होते. ट्रॅव्हल बॉलला जे पैसे जातात त्यातले थोडे दर महिन्याला कॉलेजसाठीच्या ५२९ बचत अकाउंटमध्ये टाकलेत तर ते नक्की तिथे असतील.

मी ट्रॅव्हल बॉलच्या विरुद्ध नाही. चांगला कोच मिळाला तर मुलं तिथे खूप शिकतात आणि वयाचं गणितही तिथे तुमच्या बाजूने पडेल असं दिसतंय. पण डॉक्टरांनी हात मोकळा केल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. भरायच्या आधी त्यांना विचारा की टीममध्ये किती मुलं घेणार, कारण तेरा-चौदा घेतली तर बेंचवर बसायलाच फी भराल, लिटल लीगच्या सीझनमध्ये तरी प्रत्येक मुलाला निदान सहा आउट फील्डिंग आणि एकदा बॅटिंग द्यावीच लागते, इथे तसं काही बंधन असेलच असं नाही. हिवाळ्यात फेकणं किती महिने बंद ठेवता, एका दिवसात दोनतीन गेम असतात तेव्हा पिच कोण मोजतं आणि लीगमधले पिच त्यात धरता का, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नावर कोच गडबडला तर दुसरी टीम बघा.

आणि त्याआधी मुलाला विचारा, जायचंय का. बाबा समोर नसताना तू विचार. नाही म्हणाला तर सप्टेंबरमध्ये फॉल बॉल, म्हणजे लीगचा हलकाफुलका सीझन, आहे, तिथे स्टँडिंग्जकडे (टीमच्या क्रमवारीकडे) कोणी फारसं बघत नाही आणि मोठी मुलं वर गेल्यामुळे इनफील्डला खेळायची संधी सहज मिळते. हो म्हणाला तरी ऑगस्टमध्ये एक दिवस काढून तिघं पेनसिल्व्हेनियातल्या साऊथ विल्यम्सपोर्टला जाऊन या, लिटल लीग वर्ल्ड सिरीज असते, गाडीने तुमच्याकडून तीनएक तास, तिकीट लागत नाही. १९३९ मध्ये विल्यम्सपोर्टलाच कार्ल स्टॉट्झ यांनी ही लीग सुरू केली होती. लमेड स्टेडियमच्या मागच्या टेकडीवरून मुलं पुठ्ठ्यावर बसून घसरत खाली येतात, ते चालू असताना गेमकडे अर्ध्या मुलांचं लक्षही नसतं. एक जुना खोका फाडून गाडीत टाका.

आणि ट्रॅव्हलचं नक्की झालं तर नवी बॅट घाईने घेऊ नका. लिटल लीगला यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेली बॅट लागते, बऱ्याच ट्रॅव्हल टुर्नामेंटमध्ये यूएसएसएसए या दुसऱ्या संस्थेचा शिक्का असलेली चालते आणि ती लीगमध्ये चालत नाही. टीम ठरू दे, शिक्का विचारा, मग दुकानात जा.